बंदूक, बढती आणि आठवणी : नेपोलियनकालीन साहसकथा कशी उभी राहते

नेपोलियनच्या युद्धांतील एखादा साधा शिपाई किंवा कनिष्ठ अधिकारी नायक म्हणून घ्यायचा, त्याला खऱ्या लढायांमधून आणि खऱ्या सेनापतींच्या नजरेसमोरून न्यायचे, आणि इतिहासाची चौकट न मोडता त्याच्या हातून अशक्यप्राय काम पार पाडून घ्यायचे, अशा कादंबऱ्यांची परंपरा इंग्लंडमध्ये सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आर्थर कॉनन डॉयलने १८९४ पासून लिहिलेल्या ब्रिगेडियर जेरार या बढाईखोर फ्रेंच घोडेस्वाराच्या कथा, पोर्तुगालमध्ये आपल्या पलटणीपासून तुटलेल्या एका शिपायावरची सी. एस. फॉरेस्टरची १९३२ मधील कादंबरी, आणि बर्नार्ड कॉर्नवेलने १९८१ पासून चालविलेली रिचर्ड शार्पची दीर्घ मालिका हे या परंपरेचे ठळक टप्पे आहेत. मराठी वाचकाला यातील शेवटच्या मालिकेबद्दल विशेष कुतूहल वाटावे असे कारण आहे. शार्पच्या तरुणपणाच्या तीन कादंबऱ्या भारतात घडतात. पहिली श्रीरंगपट्टणला, आणि उरलेल्या दोन आजच्या महाराष्ट्रात, अहमदनगर, असई आणि गाविलगड येथे.

युद्धे तर जगात त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळ झाली. मग साहसकथेला हाच काळ इतका का मानवला, हे समजून घ्यायचे असेल तर त्या काळातील सैन्य कसे चालत होते याची थोडी ओळख करून घ्यावी लागते. या कथांमधील बराचसा थरार लेखकाच्या प्रतिभेतून आलेला नसून त्या सैन्याच्या नियमांमधून, शस्त्रांमधून आणि निवृत्त शिपायांनी मागे ठेवलेल्या कागदांमधून आलेला आहे, असे माझे मत आहे.

आधी काळाचा आवाका पाहू. क्रांतीनंतरच्या फ्रान्सचे युरोपातील राजसत्तांशी युद्ध १७९२ मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा विराम सोडला तर ते १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला संपेपर्यंत चालू राहिले. म्हणजे सतराव्या वर्षी भरती झालेला मुलगा चाळिशीला पोहोचेपर्यंत गणवेशातच असू शकत होता. या काळात फ्रेंच शिपाई लिस्बनपासून मॉस्कोपर्यंत चालत गेले, इजिप्तच्या वाळवंटातही उतरले. इंग्रज शिपाई दख्खनमध्ये लढला आणि नंतर तोच पोर्तुगाल-स्पेनमध्येही लढला. लांबलचक मालिका लिहिणाऱ्याला एका माणसाच्या आयुष्यात एवढा भूगोल आणि एवढा इतिहास बसविता येतो, ही सोय फार मोठी आहे. शिवाय या युद्धाला निर्विवाद शेवट आहे, त्यामुळे कथा कुठे थांबवायची हा प्रश्न पडत नाही.

आता बंदुकीकडे वळू, कारण लढाईचे सगळे स्वरूप तिच्यावरून ठरत होते. त्या काळची पायदळाची बंदूक ठासणीची होती. शिपाई कागदी काडतूस दाताने फाडत असे, चिमूटभर दारू बंदुकीच्या कानाजवळच्या, म्हणजे नळीच्या बाजूच्या छिद्राजवळच्या, पात्रात टाकून उरलेली नळीत ओतत असे, वरून शिशाची गोळी आणि कागद सोडून लोखंडी गजाने ते सारे ठासत असे, आणि मग चाप ओढल्यावर चकमकीच्या ठिणगीने बार उडत असे. कसलेला शिपाई हे सगळे मिनिटाला तीन वेळा करू शके, तेही हवा कोरडी असली आणि हात थरथरत नसले तर. नळीला आतून आटे नसल्यामुळे गोळी बाहेर पडताना डुगडुगत निघे. शंभर पावलांपलीकडे एका माणसाला नेमून टिपणे जवळपास नशिबाचा भाग होता. दारूतील सोऱ्यामुळे तोंड खारट होऊन विलक्षण तहान लागे आणि ओठ काळे पडत. या इंग्रजी दारूतला सोरा मोठ्या प्रमाणावर बिहारमधून कलकत्त्याच्या वाटेने जात होता. स्पेनच्या माळावर तहानलेल्या शिपायाच्या जिभेवरची ती चव बरेचदा गंगेकाठची असे, हे कादंबऱ्यांत कुठे सांगितलेले मला आढळलेले नाही.

अशा बंदुकीने लढायचे तर एकेकट्याने लढून भागत नाही. माणसे खांद्याला खांदा लावून रांगेत उभी करावी लागतात, आणि सर्वांनी एकदम बार काढावा लागतो. इंग्रज दोन रांगांची लांब ओळ करीत. फ्रेंच पुष्कळदा दाट स्तंभ करून पुढे घुसत. घोडदळ चालून आले की दोन्ही बाजूंचे पायदळ संगिनी बाहेर रोखून पोकळ चौकोन रचत असे. पहिल्या काही बारांनंतर दारूच्या पांढऱ्या धुराने मैदान भरून जाई आणि पन्नास पावलांवरचेही दिसेनासे होई. त्या धुरात पलटण कुठे आहे हे ओळखण्यासाठी मोठाली निशाणे लागत. इंग्रज पलटणीत ती बहुधा सोळा-सतरा वर्षांच्या पोरसवदा अधिकाऱ्यांच्या हाती असत, आणि शत्रूच्या गोळ्या तिकडेच जास्त जात. फ्रेंच पलटणींना नेपोलियनने १८०४ च्या डिसेंबरात काठीवर बसविलेले सोनेरी गरुड दिले होते; गरुड गमावणे म्हणजे पलटणीची अब्रू जाणे.

या साऱ्यातून कथाकाराला काय मिळते ते सहज लक्षात येईल. शत्रू इतका जवळ असतो की त्याचा चेहरा दिसतो. पुन्हा बंदूक भरण्यास लागणाऱ्या वीस सेकंदांत जीव टांगणीला लागतो. धुरामुळे गोंधळ होतो, आणि गोंधळामुळे एखाद्या धीट माणसाला स्वतःच्या अकलेने काही करायला वाव मिळतो. सेनापतीचा हुकूम घोडेस्वाराच्या खिशातून येतो, वाटेत तो स्वार पडला तर हुकूमही पडतो, आणि मग जागेवरच्या माणसाला निर्णय घ्यावा लागतो. पुढे तारायंत्रे आणि दूरध्वनी आल्यावर हा मोकळेपणा पुष्कळ कमी झाला.

रांगेतल्या शिपायाला मात्र नायक होणे अवघडच, कारण त्याने स्वतःहून काही करू नये यासाठीच त्याची कवायत असे. म्हणून या कथांचे नायक बहुधा रांगेबाहेरच्या दलांतून येतात. इंग्रज लष्कराने १८०० मध्ये आटे पाडलेल्या नळीची बेकर रायफल निवडली आणि ती वापरणारी, गडद हिरव्या अंगरख्याची वेगळी पलटण उभी केली. तीच पुढे पंचाण्णवावी रायफल्स म्हणून गाजली. ही बंदूक भरायला वेळ घेई, पण दोनशे पावलांवरही नेम धरता येई. तिचे शिपाई जोडीजोडीने, आडोसा घेत, विखरून लढत, आणि कधी बार काढायचा हे स्वतः ठरवीत. १८०९ च्या जानेवारीत स्पेनमधील काकाबेलोस येथे टॉमस प्लंकेट नावाच्या रायफलधारी शिपायाने कोलबेर या फ्रेंच सेनानीला टिपले ही घटना खरी आहे. फॉरेस्टरचा शिपाई आणि कॉर्नवेलचा शार्प दोघेही हिरव्या अंगरख्याचे आहेत, तो योगायोग नाही.

पराक्रम केला तरी त्याचे चीज व्हायला हवे, नाहीतर कथा पुढे सरकत नाही. इथे इंग्रज लष्करातील हुद्दे विकत घेण्याची पद्धत कथाकाराच्या कामी आली. पायदळातील सर्वांत खालचे अधिकारपद सुमारे ४०० पौंडांना मिळे, कॅप्टनचे १,५०० पौंडांना आणि लेफ्टनंट कर्नलचे ३,५०० पौंडांना. साध्या शिपायाचा रोज एक शिलिंग होता, म्हणजे काही न कापता वर्षाला सव्वाअठरा पौंड. खाणेपिणे सोडून त्याने सारा पगार साठविला असता तरी सर्वांत खालचा हुद्दा घेण्यासाठी त्याला जवळजवळ बावीस वर्षे लागली असती. ही पद्धत १८७१ पर्यंत टिकली. पैसेवाल्यांची नालायक पोरे पलटणी चालवीत होती, असे चित्र कादंबऱ्यांमधून उभे राहते. ते अर्धेच खरे आहे. युद्धकाळात माणसे इतक्या वेगाने मरत होती की बहुतेक बढत्या ज्येष्ठतेने, मेलेल्याच्या रिकाम्या जागी मिळत, आणि अशा जागांचे पैसे पडत नसत. शिपाईगिरीतून वर आलेले अधिकारीही होते; साधारण वीसांत एक, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. पण शिपायांत न रमणारा आणि अधिकाऱ्यांत न सामावणारा असा दोन्हीकडून उपरा झालेला माणूस कथेला फार उपयोगी पडतो. शार्पचा सगळा ताण याच उपरेपणातून येतो. समोरचा फ्रेंच त्याला मारू पाहतो ते ठीकच, पण पाठीमागचा पैसेवाला कॅप्टनही त्याचे वाईट चिंतीत असतो.

फ्रान्समध्ये याउलट होते. क्रांतीने खानदानी सरदारांना हाकलल्यावर वरच्या जागा रिकाम्या झाल्या आणि कर्तबगार माणसे भराभर चढली. नेपोलियनच्या मार्शलांपैकी ‘ने’ हा पिंपे बनविणाऱ्याचा मुलगा, म्युराचा बाप खानावळ चालविणारा, आणि बेर्नादोत हा राजाच्या जुन्या सैन्यात सार्जंट होता, तो १८१८ मध्ये स्वीडनच्या गादीवर बसला. गंमत अशी की या खऱ्या चरित्रांपुढे कोणतीही कल्पित बढती फिकी पडते, आणि म्हणूनच की काय, डॉयलने आपल्या फ्रेंच नायकाला फार वर चढविले नाही. त्याला फुशारकी मारू दिली आणि वाचकाला हसू दिले.

बढतीचा आणखी एक रस्ता होता, आणि तो सर्वांत भयंकर होता. किल्ल्याच्या तटाला तोफांनी खिंडार पाडले की त्यातून पहिल्यांदा घुसायला स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांची एक छोटी तुकडी निवडली जाई. शत्रूचा पहिला मारा आणि पेरलेले सुरुंग तिच्यावर खर्ची पडावेत, हाच तिचा उपयोग होता. जगून वाचलेल्या अधिकाऱ्याला बढती जवळपास ठरलेली असे, म्हणून पैसा नसलेले तरुण या कामासाठी एकमेकांशी भांडत. ६ एप्रिल १८१२ च्या रात्री बादाहोसच्या खिंडारांवर इंग्रजांनी लाटांमागून लाटा सोडल्या आणि त्या खंदकांत मेल्या. शहर अखेर पडले ते दुसऱ्या बाजूंनी शिड्या लावून. त्यानंतर विजयी शिपायांनी आपल्याच मित्रदेशाच्या, म्हणजे स्पॅनिश लोकांच्या, त्या शहरात कित्येक तास नव्हे तर दिवस लूट आणि बलात्कार केले. जीव वाचविण्यासाठी इंग्रजांच्या छावणीत आलेल्या दोन बहिणींपैकी चौदा वर्षांच्या हुआनाशी पंचाण्णवाव्या पलटणीच्या हॅरी स्मिथने काही दिवसांतच लग्न केले, आणि ती पुढे त्याच्यासोबत मोहिमांत राहिली. दक्षिण आफ्रिकेतील लेडीस्मिथ हे गाव तिच्या नावाचे. हाच हॅरी स्मिथ १८४६ मध्ये पंजाबात अलिवालच्या लढाईत शिखांविरुद्ध इंग्रजांचा सेनापती होता. कादंबरीत असे घातले असते तर टीकाकारांनी अतिरंजित म्हणून नाक मुरडले असते.

हे सारे आपल्याला कळते कसे? स्मिथने आत्मचरित्र लिहिले म्हणून. या काळाचे हे तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे. आधीच्या युद्धांचा वृत्तांत राजे, सेनापती आणि त्यांचे चिटणीस लिहीत. या युद्धात प्रथमच लेफ्टनंट, सार्जंट आणि साधे शिपाई मोठ्या संख्येने लिहू लागले, किंवा कोणाला तरी सांगून लिहवून घेऊ लागले. बेंजामिन हॅरिस हा पंचाण्णवाव्या पलटणीतला चांभारकाम करणारा शिपाई. त्याने तोंडी सांगितलेल्या आठवणी १८४८ मध्ये छापल्या गेल्या. १८०९ च्या हिवाळ्यातील स्पेनमधली पीछेहाट, फाटलेले बूट आणि रस्त्याकडेला बसून पुन्हा न उठलेली माणसे यांचे त्याने केलेले वर्णन वाचून कळते की बूट शिवणाऱ्या माणसाला युद्ध वेगळे दिसते. फ्रेंच रक्षकदलातला क्वान्ये गुराखी पोर म्हणून वाढला, वाचायला-लिहायला तो तिशी उलटल्यावर शिकला, कॅप्टन झाला आणि म्हातारपणी त्याने आपल्या वह्या भरल्या. बॅरन मार्बोच्या आठवणी १८९१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या. त्यांतील थापा आणि खरेपणा वेगळे काढणे कठीण आहे, आणि जेरारचा जन्म झाला तो या पुस्तकाच्या वाचनातून. म्हणजे साहसकथा ही शिपायांच्या आठवणींची नात आहे, आणि तिचा बढाईखोर स्वभावही घराण्यातूनच आलेला आहे.

या सामग्रीतून कादंबरीकार कथा कशी बांधतो याचे तंत्र समजायला सोपे आहे. तो लढाईचा निकाल बदलत नाही, तारखा आणि सेनापती बदलत नाही. कागदपत्रांत जिथे पोकळी असते तिथे तो आपला माणूस उभा करतो. कधीकधी तो ही मर्यादा मुद्दाम ओलांडतो. शार्प मालिकेतील पहिल्या लिहिलेल्या कादंबरीत नायक १८०९ च्या तालावेराच्या लढाईत फ्रेंच गरुड हिसकावतो. प्रत्यक्षात तालावेराला असे काही घडले नाही. इंग्रजांनी रणांगणावर पहिला गरुड जिंकला तो ५ मार्च १८११ रोजी बारोसाला, सत्त्याऐंशीव्या पलटणीच्या सार्जंट मास्टरसनने. अशा ठिकाणी पुस्तकाच्या शेवटी टिपण देऊन कुठे इतिहास संपतो आणि कुठे कल्पना सुरू होते हे सांगण्याचा प्रघात या लेखकांनी पाळला आहे. तो मराठीतही सर्रास यावा असे मला वाटते, कारण आपल्याकडे कादंबरीतला संवाद पुढे भाषणांत इतिहास म्हणून उद्धृत होतो आणि मग त्याला विचारणारा कोणी राहत नाही.

या पोकळीचे उत्तम उदाहरण असईला सापडते. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, जालना जिल्ह्यातील या गावाजवळ दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्या संयुक्त फौजेवर हल्ला केला. त्याच्याबरोबर प्रत्यक्ष लढाईत सुमारे साडेचार हजार माणसे होती. समोर पोलमन नावाच्या, जर्मनीतील हॅनोव्हरच्या माणसाच्या हुकुमाखाली शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकविलेल्या पायदळाच्या तुकड्या, शंभराच्या आसपास तोफा आणि प्रचंड घोडदळ. केळणा नदीला उतार नाही असे वाटाड्ये सांगत होते. वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही गावे दिसली. इतकी जवळची दोन गावे एकमेकांकडे ये-जा करीतच असणार, म्हणून इथे उतार असलाच पाहिजे, असे अनुमान त्याने केले आणि ते बरोबर निघाले. पण पोलमनच्या पलटणींनी ज्या शिस्तीने तोंड फिरवून नवी आघाडी धरली ती त्याने अपेक्षिली नव्हती. शिंद्यांच्या गोलंदाजांनी इंग्रज रांगांवर भयंकर मारा केला. इंग्रज तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग करून पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफांनी शत्रूच्या पाठीवर मारा सुरू केला. उजवीकडे वाट चुकलेल्या तुकडीमागे गेलेली चौऱ्याहत्तरावी पलटण असई गावापुढे जवळपास गारद झाली. वेलस्लीची हानी दीड हजारांहून अधिक, म्हणजे लढलेल्यांपैकी तिसरा हिस्सा. त्याचा एक घोडा मारला गेला आणि दुसरा भाल्याने जखमी झाला. त्या धुमश्चक्रीत त्याच्याभोवती नेमके काय घडले याचा तपशील फार थोडा आहे. कादंबरीकाराने नेमका तोच क्षण पकडला : सेनापती घोड्यावरून पडतो, सार्जंट शार्प एकटा त्याला वाचवितो, आणि त्या बदल्यात अधिकारी होतो. पुढच्या सर्व कादंबऱ्यांचा पाया असा जालन्याच्या काळ्या मातीत घातलेला आहे. वॉटर्लूनंतर अनेक वर्षांनी, आपण केलेली सर्वांत उत्तम लढाई कोणती असे विचारल्यावर वेलिंग्टनने असईचे नाव घेतले होते, असे सांगतात.

गाविलगडाची कथाही अशीच. चिखलदऱ्याजवळचा हा किल्ला दुहेरी आहे. बाहेरच्या किल्ल्यात शिरले तरी मधली घळ ओलांडून आतला किल्ला वेगळा घ्यावा लागतो. वेलस्लीचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याच्या माणसांनी डोंगरांतून वाट फोडत तोफा उत्तरेकडच्या माथ्यापर्यंत ओढून नेल्या, आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी हल्ला झाला. बाहेरचे खिंडार घेतले तरी आतल्या दरवाजापुढे इंग्रज अडकले. तेव्हा चौऱ्याण्णवाव्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलने आपली हलक्या पायदळाची तुकडी घळीत उतरविली, समोरच्या कड्यावर शिड्या लावून तट चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. कादंबरीत या चढाईच्या अग्रभागी शार्प असतो, त्यामुळे खऱ्या कॅम्पबेलचे श्रेय बरेच आटते. याच मोहिमेत अहमदनगरच्या पेठेच्या तटावर शिडी लावून चढलेला अधिकारीही कॅम्पबेलच, पण तो वेगळा. त्याला वेलस्लीने तिथल्या तिथे जवळ केले आणि तो पुढे सिलोनचा गव्हर्नर झाला.

आता या कथा काय गाळतात तेही पाहायला हवे. त्या काळात शिपायाला मारणारी मुख्य गोष्ट गोळी नव्हती. १८०९ मध्ये इंग्रजांनी नेदरलंड्सच्या वालखेरन बेटावर चाळीसेक हजार माणसे उतरविली. लढाईत १०६ मेली आणि तापाने सुमारे चार हजार. वर उल्लेखिलेल्या हॅरिसची शिपाईगिरीही त्याच तापाने संपविली. पण हिवतापाने कुडकुडणारा नायक प्रकरण पुढे नेऊ शकत नाही, म्हणून तो कादंबरीत लवकर बरा होतो. रसदेचेही तसेच. वेलस्लीच्या दख्खनमधील वेगामागे म्हैसूरचे निवडक बैल आणि धान्य वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे होते. त्यांच्याशी भाव, आगाऊ रक्कम आणि संरक्षण यांबद्दल तो सतत पत्रे लिहीत असे, आणि हाच धडा त्याने पुढे स्पेनमध्ये खेचरांच्या बाबतीत गिरविला. पत्रे वाचताना हा माणूस सेनापती कमी आणि आडत्या जास्त वाटतो. छावणीतल्या बायकांचीही तीच गत. इंग्रज पलटण परदेशी निघाली की शंभर शिपायांमागे जेमतेम सहा बायकांना सोबत नेण्याची मुभा असे. कोणी जायचे हे बंदरावर चिठ्ठ्या टाकून ठरे, आणि ज्यांची चिठ्ठी येत नसे त्या पोरांसह किनाऱ्यावर राहत.

युद्धाचे हे अ-साहसी रूप दाखविणारी दुसरी परंपराही याच काळावर उभी आहे. नेपोलियनच्या सैन्यासोबत रशियाला जाऊन आलेल्या स्तांधाल या फ्रेंच कादंबरीकाराने १८३९ मध्ये आपल्या नायकाला वॉटर्लूवर भटकवले. त्याला काहीच नीट दिसत नाही, आणि आपण खरोखर लढाईत होतो का, हा प्रश्न त्याला नंतरही सुटत नाही. टॉलस्टॉयने हे ऋण मानले आणि सेनापतीच्या हुकुमांनी लढाया ठरतात ही कल्पनाच मोडीत काढली. साहसकथा नेमकी उलट बाजू धरते : एका माणसाने योग्य क्षणी योग्य गोष्ट केली तर निकाल फिरतो. दोन्ही वाचाव्यात, पण साहसकथेला वाङ्मयाच्या ओसरीवर बसविण्याचे कारण मला दिसत नाही. काडतूस कसे भरतात, खिंडारात चढताना पायाखाली काय येते, हे तिच्याइतक्या स्पष्टपणे दुसरे कोणी शिकवीत नाही.

मराठी वाचकाची अडचण निराळी आहे. असईच्या कादंबरीत तोफेखाली मेल्याचे सोंग करून पडलेला गोलंदाज हा आपल्याला सर्वांत जास्त जाणून घ्यावासा वाटणारा माणूस असतो, आणि नेमका त्यालाच चेहरा नसतो. दोष केवळ लेखकाच्या दृष्टीचा नाही. हॅरिसचे ऐकून लिहून घेणारा कोणी भेटला. या गोलंदाजाला भेटला नाही. त्या दिवशी शिंद्यांच्या कंपूंत मुख्यतः अयोध्या आणि दुआबाकडचे शिपाई होते, तर वेलस्लीच्या देशी पलटणी मद्रासच्या होत्या. म्हणजे मराठी मुलखात, मराठी दौलतीच्या भवितव्यासाठी झालेल्या या लढाईत पायदळाच्या दोन्ही रांगांत मराठी बोलणारे थोडेच असतील. मराठी ऐतिहासिक कादंबरीने या काळाकडे पाहिले ते छत्रपती, पेशवे आणि सरदार यांच्या अंगाने. ना. सं. इनामदारांनी ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर उभा केला, तो याच वर्षांतला; पण होळकरांच्या पागेतला एखादा बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचा साधा स्वार, नायक होऊन पाचशे पाने चालेल अशी कथा आपल्याकडे दुर्मीळच आहे.

सामग्री मात्र पडून आहे. पोलमन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या हॅनोव्हरी पलटणीतून आलेला सार्जंट, शिंद्यांकडे कंपूचा सेनापती झाला आणि असईनंतर पुन्हा कंपनीच्या चाकरीत गेला. बापू गोखले तर त्याहून मोठा विषय. १८०३ मध्ये ते पेशव्यांच्या तुकडीसह वेलस्लीच्या छावणीत होते. अहमदनगरची पेठ इंग्रजांनी घेतली तेव्हा त्यांनी पुण्याला लिहून कळविले की ही माणसे मोठी विचित्र आहेत, सकाळी आली, तट पाहिला, त्यावरून चढून गेली, आतल्यांना मारले आणि न्याहारीला परत आली, असे इंग्रजी ग्रंथांत नमूद आहे. चौदा वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या माळावर हेच गोखले पेशव्यांचे सेनापती म्हणून त्याच कंपनीच्या पलटणींसमोर उभे होते. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला, पेशव्यांना निसटायला वेळ मिळावा म्हणून, त्यांनी थोड्या स्वारांनिशी इंग्रज घोडदळावर घोडा घातला आणि ते तिथे पडले. इंग्रजांची लढण्याची रीत इतक्या जवळून पाहिलेल्या माणसाने त्या चौदा वर्षांत तिच्याविरुद्ध काय काय योजले असेल, याचा शोध घ्यायचा तर पेशवे दफ्तरातील कागद आणि कंपनीचे अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतील, आणि मधल्या पोकळ्यांत एखादा शिपाई उभा करावा लागेल.